पंपाची किंमत आणि वेळेचा भाव

बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतणाऱ्या स्त्रीपुढे पहिल्याच दिवशी दोन साधे प्रश्न उभे राहतात. ती आठ-दहा तास घराबाहेर असणार. त्या काळात मुलाने काय प्यावे? आणि दर दोन-तीन तासांनी छातीत दाटून येणाऱ्या दुधाचे तिने काय करावे? बाजाराने या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर शोधून ठेवले आहे. दूध काढण्याचा पंप विकत घ्या, दूध साठवा, मागे ठेवा आणि निश्चिंतपणे कामावर जा. औषधांच्या दुकानात असे पंप शे-दोनशे रुपयांपासून काही हजार रुपयांपर्यंत मिळतात. परिचारिका, दुकानातली विक्रेती, कंत्राटी कारकून, कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर उभी राहणारी मुलगी या सगळ्यांना आज ‘परवडणारा पंप कोणता?’ हा प्रश्न पडतो.

पक्षाच्या साप्ताहिकाने या प्रश्नाकडे वळावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय महिला मासिकांचा किंवा डॉक्टरांचा आहे, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी मुंबईत लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले, तेव्हा स्वयंपाकघरातले तेल आणि साखर हे राजकारणाचे विषय ठरले. जी वस्तू कष्टकरी स्त्रीला आपल्या मजुरीतून घ्यावी लागते आणि जिच्या वापराला मालकाच्या घड्याळाची परवानगी लागते, त्या वस्तूचा विचार समाजवाद्यांनी केला नाही तर करायचा कोणी? ‘परवडणे’ या शब्दाचा अर्थ दुकानदाराच्या किंमतपत्रकात सापडत नाही. तो कोठे सापडतो, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

यंत्राची ओळख

प्रथम वस्तूबद्दल. पहिले सहा महिने मुलाला केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) आपल्या देशात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के मुलांना निव्वळ अंगावरचे दूध मिळते. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल त्याला मुकते. याची कारणे अनेक आहेत. आईला कामावर परतावे लागणे हे त्यांतले एक ठळक कारण होय.

दूध काढण्याची यंत्रे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. विजेवर चालणारा एक पंप १९२० च्या दशकात एडवर्ड लास्कर या अभियंत्याने तयार केला. हा गृहस्थ बुद्धिबळातला नामांकित खेळाडू म्हणून अधिक प्रसिद्ध आहे. अशी यंत्रे पुढे कित्येक वर्षे रुग्णालयांतच राहिली. अपुऱ्या दिवसांची, स्तनाला तोंड लावण्याची ताकद नसलेली मुले जगवणे हे त्यांचे काम. घरी वापरायचे विजेचे पंप दुकानांत मोठ्या प्रमाणावर दिसू लागले ते १९९० नंतर. म्हणजे रुग्णालयाच्या मालकीचे, अनेकींच्या उपयोगाचे साधन हळूहळू एकेका स्त्रीने एकेकटीने विकत घ्यायची वस्तू झाले. हा बदल ध्यानात ठेवला पाहिजे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आज बाजारात ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला रबरी फुग्याचा. फुगा दाबून सोडला की दूध ओढले जाते. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. त्याची ओढ हाती राहत नाही, त्यामुळे इजा होते. शिवाय दूध फुग्यात शिरते आणि फुगा आतून नीट धुता-वाळवता येत नाही. त्यात जंतू वाढतात. शंभर रुपये वाचले म्हणून तो घेऊ नये. दुसरा हाताने दांडी दाबून चालवायचा. साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांना तो येतो, वीज लागत नाही, सुटा करून उकळता येतो. दिवसातून एखाद-दोन वेळा दूध काढणाऱ्या स्त्रीला तो पुरेसा आहे. तिसरा विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा, एका वेळी एका बाजूचे दूध काढणारा. दीड-दोन हजारांपासून पुढे. चौथा दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा. तो आणखी महाग, परंतु त्याने वेळ जवळजवळ निम्मा होतो. याशिवाय रुग्णालयात वापरायची भारी यंत्रे आहेत. त्यांच्या रचनेत दूध मोटारीपर्यंत पोचत नाही. म्हणून प्रत्येकीने आपली नळी, आपले नरसाळे आणि आपली बाटली वेगळी ठेवली तर एकच यंत्र अनेक जणी सुरक्षितपणे वापरू शकतात.

निवड करताना किंमतीआधी चार गोष्टी पाहाव्यात. स्तनावर बसवायचे नरसाळे योग्य मापाचे आहे काय? ते लहान पडले तर घासते, दुखते आणि दूधही कमी येते. पुष्कळ स्वस्त पंपांबरोबर एकच माप मिळते, ही त्यांची मोठी उणीव आहे. ओढ कमी-जास्त करता येते काय? ओढ जितकी जोराची तितके दूध अधिक, हा समज चुकीचा आहे. दूध नळीतून मोटारीत शिरू नये म्हणून मध्ये पडदा आहे काय? आणि झडप, पडदा, नळी हे झिजणारे भाग सुटे मिळतात काय? दहा रुपयांची झडप फाटली आणि ती मिळाली नाही, तर दोन हजारांचा पंप निकामी होतो. दुसऱ्या स्त्रीने वापरलेला घरगुती पंप स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. ज्या पंपाच्या मोटारीत दूध शिरू शकते, तो उकळूनही आतून स्वच्छ होत नाही.

या सर्वांच्या आधी एक गोष्ट प्रत्येक बाळंतिणीला शिकवली गेली पाहिजे, ती म्हणजे हाताने दूध काढणे. अंगठा आणि बोटे बोंडाच्या मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग जवळ आणायची, मग सैल सोडायची. बोटे कातडीवर घासायची नाहीत. थोड्या सरावाने हे जमते आणि त्याला दमडी लागत नाही. काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकते, फ्रीजमध्ये चार दिवस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांचा भरवसा धरू नये. पाजताना ते थेट चुलीवर तापवू नये, भांडे कोमट पाण्यात धरावे. मुलाला बाटलीने पाजण्यापेक्षा वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणे अधिक सुरक्षित; बाटली आणि तिचे रबरी बूच धुणे हेच अवघड काम आहे.

एक छोटा हिशेब

आता अर्थशास्त्राकडे वळू. महिना बारा हजार रुपये मिळवणारी कंत्राटी कामगार घ्या. महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे आठ तास. तिच्या एका तासाचा भाव अठ्ठावन्न रुपयांच्या आसपास पडतो.

ती कामावर असताना दिवसातून दोनदा दूध काढते असे धरू. हाताने किंवा दांडीच्या पंपाने दोन्ही बाजूंचे दूध काढायला एका वेळी अर्धा तास सहज जातो. म्हणजे रोजचा एक तास. मालकाने हा तास मजुरीतून कापला तर महिन्याला दीड हजार रुपये जातील; चार महिन्यांत सहा हजार. ज्या पद्धतीला आपण फुकटची म्हटले, तिची किंमत सहा हजार रुपये झाली.

तिने चार हजारांचा, दोन्ही बाजूंचा विजेचा पंप घेतला तर वेळ निम्मा होईल. चार महिन्यांत तीन हजारांची मजुरी वाचेल आणि पंपाचे चार हजार खिशातून जातील. तिला एक हजाराचा तोटा. तरीही ती हाच पंप घेण्याचा संभव अधिक आहे, कारण एक तास जागेवरून उठलेल्या बाईला ठेकेदार ठेवणार नाही. अर्धा तास कदाचित सोसेल. याचा अर्थ असा, की मालकाचा वेळ वाचावा म्हणून लागणारे यंत्र कामगार स्त्री स्वतःच्या मजुरीतून विकत घेते. गिरणीतला माग मालकाने घ्यायचा आणि त्यावर कामगाराने राबायचे, अशी आपली समजूत होती. येथे कामगारानेच यंत्र आणायचे आहे.

तिसरा पर्याय डब्याच्या दुधाचा. चार महिन्यांचे मूल निव्वळ त्यावर असेल तर चारशे ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो आणि एका डब्याला चारशे रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. महिन्याचे आठ ते दहा डबे, म्हणजे तीन-चार हजार रुपये, तिच्या मिळकतीचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आईने घरी असताना अंगावर पाजले तर खर्च निम्म्यावर येईल. परंतु दिवसभर दूध काढले गेले नाही तर ते आटू लागते, छाती दाटते, कित्येकदा गाठ होऊन ताप येतो, आणि अर्ध्या डब्यावरून पूर्ण डब्यावर जायला फार दिवस लागत नाहीत. पैसे वाचावेत म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते. ते पाणी उकळलेले असतेच असे नाही. जगभरच्या गरीब वस्त्यांतून बालमृत्यूची जी कहाणी १९७० च्या दशकात पुढे आली, ती या पातळ दुधाचीच होती.

आता चौथा हिशेब. मालकाने दोन विश्रांती भरपगारी दिल्या आणि दार लावून बसता येईल अशी जागा दिली, तर हाताने दूध काढणारीचा खर्च शून्य होतो आणि सातशे-आठशे रुपयांचा दांडीचा पंपही चैन वाटत नाही. पंप तोच, किंमत तीच. केवळ वेळेचा भाव कोणी द्यायचा हे बदलले, की न परवडणारी वस्तू परवडू लागते. या लेखाचे सार एवढेच आहे.

कायद्यात काय आहे?

हा वेळ मागणे म्हणजे काही नवी, अवाजवी मागणी करणे नव्हे. मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र मालकालाही स्त्रीच्या श्रमाचा लाभ होत असल्याने तो पूर्णपणे मोकळा राहू शकत नाही, हेही त्यांनी मांडले. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही हा युक्तिवाद जुना झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून आणखी दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी द्यावी, आणि त्यासाठी मजुरी कापू नये, असे त्यात स्पष्ट होते. खाणी आणि सर्कशींसाठी १९६३ मध्ये झालेल्या नियमांनी ही प्रत्येक सुट्टी पंधरा मिनिटांची ठरवली होती. पाळणाघरापर्यंत जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

कागदावर हे चांगले आहे. उणिवा तीन आहेत.

पहिली उणीव अशी, की कायदा ‘मुलाला पाजण्यासाठी’ सुट्टी देतो. मूल जवळ नसताना दूध काढून ठेवणे त्यात बसते की नाही, हे तो सांगत नाही. बसायलाच हवे, कारण हेतू एकच आहे; परंतु जे स्पष्ट लिहिलेले नाही ते मुकादम मान्य करत नाही. शिवाय बसायची जागा कोठे, याबद्दलही कायद्यात शब्द नाही. स्त्रिया शौचालयात उभ्या राहून दूध काढतात. ज्या ठिकाणी कोणी पाण्याचा घोट घेणार नाही, तेथे मुलाचे अन्न तयार होते.

दुसरी उणीव भार कोणावर याची. सव्वीस आठवड्यांचा संपूर्ण पगार ज्या मालकाने द्यायचा, तो पुढच्या वेळी तरुण विवाहित मुलीला कामावर घेण्याआधी दोनदा विचार करतो. मालकांच्या सद्भावनेचा अभाव हे याचे एकच कारण नाही. कायद्याची रचनाच त्याला तसे करायला प्रोत्साहन देते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात याच कारणासाठी हा लाभ सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून द्यावा असे म्हटले आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे कामगार राज्य विमा योजनेत ही पद्धत १९४८ च्या कायद्यापासून आहे. तेथे पैसा निधीतून येतो, म्हणून एखाद्या मालकाला स्त्री कामगार महाग पडत नाही. ही योजना रुंद करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांना हा कायदा लागूच पडत नाही. धुणीभांडी करणारी मोलकरीण चार घरांत काम करते. तिचा मालक कोण? शेतमजूर बाईची रजा कोण मंजूर करणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. त्याच्या पूर्तीसाठी आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या मुलासाठी पाच हजार आणि दुसरे मूल मुलगी असल्यास सहा हजार, अशी मर्यादा घातली. दुसरा मुलगा झालेल्या आईचे दूध कायद्याच्या हिशेबी दूध नाही काय?

अमेरिकेचा धडा

पंप हे प्रश्नाचे पूर्ण उत्तर मानले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत पाहावे. त्या श्रीमंत देशात संपूर्ण राष्ट्राला लागू होणारी भरपगारी प्रसूती रजा आजही नाही. १९९३ च्या कायद्याने काही कामगारांना बारा आठवड्यांची रजा दिली, तीही बिनपगारी. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याने विमा कंपन्यांवर पंपाचा खर्च देण्याचे बंधन घातले आणि मालकांवर दूध काढायला वेळ आणि जागा देण्याचे. ही जागा शौचालय नसावी, बाहेरच्यांच्या नजरेआड असावी, असे त्या कायद्याने शब्दांत लिहिले. डिसेंबर २०२२ मध्ये हे संरक्षण आणखी कामगारांपर्यंत नेण्यात आले.

यातले एक घेण्यासारखे आहे आणि एक टाळण्यासारखे. वेळ आणि जागा यांची कायद्यातली स्पष्ट भाषा घेण्यासारखी आहे. आपल्या नियमांत ती जशीच्या तशी यावी. टाळण्यासारखा आहे तो क्रम. तेथे स्त्रीला रजा मिळण्याआधी यंत्र मिळाले. बाळंत होऊन काही आठवड्यांत कामावर परतायचे आणि मुलाऐवजी यंत्र छातीला लावायचे, ही सोय मालकाची झाली. यंत्राचा उपयोग आईला मोकळीक देण्यासाठी व्हावा. मुलापासून लवकर दूर करण्यासाठी होऊ नये.

व्यापाराचीही एक बाजू आहे. डब्याच्या दुधाविरुद्ध जगभर चळवळ झाली. १९७७ पासून नेस्ले कंपनीवर बहिष्कार पुकारला गेला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता केली, आणि १९९२ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून डब्याचे दूध आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी घातली. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. ही बंदी पंपाला लागू नाही, आणि ती असावी असेही आमचे म्हणणे नाही. तथापि पंप बनवणाऱ्या कित्येक कंपन्या बाटल्याही बनवतात. पंपाच्या जाहिरातीच्या आडून बाटलीचा प्रचार होत असेल तर त्यावर नजर ठेवणे हे ग्राहक चळवळीचे काम आहे.

पंपाच्या पलीकडे

ज्या स्त्रियांच्या बाबतीत पंपाचा विचारच निरर्थक आहे, त्यांना विसरून चालणार नाही. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कोयत्यावरची बाई पहाटे फडात उतरते. तिच्याजवळ फ्रीज नाही, बहुधा वीजही नाही, हात धुवायला पुरेसे पाणी नाही. तिचे मूल फडाच्या बांधावर, मोठ्या बहिणीच्या राखणीत असते. तिला पंप नको; मुलापाशी जाऊन बसण्याची अर्ध्या तासाची मुभा आणि बांधाऐवजी सावलीतला पाळणा हवा. साखर कारखान्यांनी ऊसतोड कामगारांना ‘आपला कामगार’ म्हणायचे टाळले म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

हे अशक्य नाही. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर उघडले आणि त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानेही पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचे केले होते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली; आशियातील ती पहिली मानली जाते. महापालिकेच्या रुग्णालयात गरिबांची अपुऱ्या दिवसांची मुले दुसऱ्या आयांच्या दुधावर वाढली. सार्वजनिक संस्थेने मनावर घेतले तर आईचे दूधसुद्धा समाजाची ठेव होऊ शकते, हे या पेढीने दाखवून दिले.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे?

युनियनच्या मागणीपत्रकात एक कलम घालावे: मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दोन भरपगारी सुट्ट्या, प्रत्येकी किमान अर्ध्या तासाची, पाजण्यासाठी किंवा दूध काढण्यासाठी, आतून कडी असलेली, पाण्याची सोय असलेली जागा, आणि दूध ठेवायला फ्रीजचा एक कप्पा. यात मालकाचे दिवाळे निघेल असे काही नाही. राज्याच्या नियमांतही हे शब्द यावेत असा आग्रह आपल्या आमदारांनी धरावा.

जेथे कायद्याने पाळणाघर बंधनकारक आहे तेथे ते आहे काय, याची पाहणी करावी. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. आपल्या वस्तीसाठी ती मागावी. मात्र अंगणवाडी सेविकेवर तेच मानधन देऊन दुप्पट काम लादले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. एका स्त्रीची सोय दुसरीच्या पिळवणुकीवर उभी राहता कामा नये.

आणि तोवर? कायदा बदलेपर्यंत मूल थांबत नाही. प्रत्येक तालुक्यात एखादी महिला सहकारी पतसंस्था, बचतगट किंवा युनियन शाखा रुग्णालयात वापरतात त्या जातीचे एक चांगले यंत्र घेऊ शकते. यंत्र सामाईक, नळी-नरसाळे ज्याचे त्याचे. अडचणीच्या आठवड्यांपुरते ते घरी न्यावे, मग परत करावे. पुस्तकांचे वाचनालय चालवणाऱ्या चळवळीला हे जड जाऊ नये. पंप रुग्णालयातून दुकानात आणि दुकानातून एकेकीच्या पिशवीत गेला. त्याला पुन्हा सामाईक मालकीत आणण्याचा हा लहानसा प्रयत्न असेल. त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेकडून हाताने दूध काढण्याचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था करावी; ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांच्या हातचे आहे.

आपल्या राज्यात एस. टी. स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत मुलांना पाजण्यासाठी जे कक्ष केले गेले, त्यांना ‘हिरकणी’ हे नाव दिले आहे. कल्पना उत्तम. परंतु २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या मुलाला घेऊन विधानभवनात आल्या, तेव्हा तेथील हिरकणी कक्षात धूळ होती आणि मुलाला ठेवण्याजोगी सोय नव्हती, ही तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. राज्याच्या कायदेमंडळात ही अवस्था, तर तालुक्याच्या स्थानकावर काय असेल याची कल्पना करता येते.

हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो. रायगडावर दूध घालायला गेलेली ती गवळण. विक्रीचे दूध गडावर पोचले, घरचे मूल मात्र भुकेले राहिले. सूर्यास्ताला दरवाजे मिटले आणि पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. ती अंधारात कडा उतरून गेली, आणि तिच्या धैर्याची आठवण म्हणून तेथे बुरूज बांधला गेला. या कथेतली आई आपल्याला पाठ आहे. बंद दरवाजाचा मात्र आपण क्वचितच विचार करतो. आज हजारो स्त्रिया रोज असा कडा उतरतात. कोणी शौचालयात उभी राहून, कोणी मजुरी कापून घेऊन, कोणी आपल्या आठवड्याच्या कमाईचा पंप पिशवीत लपवून. त्यांच्या धैर्याचे गोडवे गाण्याची आता गरज नाही. दिवसातून दोनदा, अर्धा तास, दरवाजा उघडा हवा. आणि तो उघडून घेणे हे संघटनेचे काम आहे.